भिंतीवरचं ‘उपलब्ध’

कुसळवाडीच्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मी पाच वेळा खोटं लिहिलं, आणि तेही ऑइलपेंटमध्ये. हेतू शुद्ध होता, अक्षर तर त्याहून शुद्ध होतं. घोटाळा झाला तो फक्त एका आडव्या रेघेचा.

जिल्ह्याचं नाव बदललं आणि गावोगावी पाट्या बदलायचा हंगाम आला. पेंटर मंडळींना एकदम लग्नसराईतल्या आचाऱ्यांचा भाव आला. कुसळवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची पाटीही बदलायची होती. तिथली औषधं सांभाळणारे पीटर भिंगारदिवे नगरला, सावेडीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. रोज सकाळी करंजीचा घाट उतरून कामाला जातात आणि संध्याकाळी तोच घाट चढून परत येतात. सज्जन माणूस. एकोणीस वर्षांच्या नोकरीत वरच्या साहेबाशी मान वर करून बोललेले नाहीत. घरीही भिंतीवरच्या घड्याळाकडं जरा बिचकतच बघतात.

तर हे पीटरभाऊ एका रविवारी जिना उतरून आले. म्हणाले, “गुरुजी, नाव बदलायचंय. त्याच भिंतीवर औषधांची यादीही लिहायचीय, पावसाळ्याच्या आत. वरून तसा आदेश आहे. पेंटर जूनशिवाय येत नाही म्हणतो. तुमचं अक्षर…”

एवढं पुरे होतं. माझ्या अक्षराला लोक मोत्याची उपमा देतात. अकलेला आजवर कुणी साध्या काचमण्याचीही दिलेली नाही. शिवाय गाव माझंच. कुसळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षं मास्तरकी केली, आणि तिथल्या एकूण एक टेम्पोच्या मागच्या फळीवर ‘आईचा आशीर्वाद’ आहे तो माझ्या हातचा. त्या गावात आईखालोखाल आशीर्वाद मीच दिलेत.

पीटरभाऊंनी यादीचा कागद हातात ठेवला आणि ते स्वतः लसीकरणाला वस्तीवर निघून गेले. मी शिडी लावली. डावीकडं औषधाचं नाव, उजवीकडं ते आहे की नाही. ताप-खोकल्याच्या गोळ्या : उपलब्ध. जुलाबाची पावडर : उपलब्ध. मलमपट्टी : उपलब्ध. त्याखाली पाच ओळी. कुत्रा चावल्यावरची लस, विंचवाचं औषध, सर्पदंशाचं औषध, रुग्णवाहिका आणि तक्रारवही. या पाचांपुढं पीटरभाऊंनी एकेक आडवी रेघ ओढलेली.

आता मला सांगा, बत्तीस वर्षं हजेरीपत्रकं आणि तक्ते भरलेल्या मास्तरला आडवी रेघ दिसली की काय वाटणार? वरीलप्रमाणे! पहिल्या ओळीत एकदा लिहायचं आणि खाली रेघा ओढत सुटायचं, हा आमचा धर्म. दवाखान्याच्या धर्मात मात्र रेघ म्हणजे ‘शिल्लक नाही’. शाळा जिल्हा परिषदेची, दवाखानाही जिल्हा परिषदेचाच. पण एका आईच्या दोन लेकरांच्या रेघा वेगळ्या असतील हे मला कसं कळावं?

भिंतीवर नुसत्या रेघा वाईट दिसतील म्हणून मी पाचही ठिकाणी संपूर्ण शब्द लिहिला. प्रत्येक ‘उपलब्ध’मधल्या ‘ल’ला छान गोलाई दिली. वर निळ्या रंगात मथळा : ‘खालील सेवा चोवीस तास’. मागं सरकून पाहिलं आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

“गुरुजी, त्ये काय लिवलंय?”

वळून पाहिलं तर गोजरबाई. मागं सहा शेळ्या.

गोजरबाई पालवे म्हणजे साठी उलटलेली, उन्हानं रापलेली, सरळसोट बाई. तीस हंगाम तिनं ऊस तोडला. आता गुडघे बोलतात, म्हणून गावातच असते. दसऱ्यानंतर कुसळवाडीतली सगळी हातपाय धड असलेली माणसं कारखान्यांना निघून जातात; मागं उरतात म्हातारे, शेळ्या आणि कुलपं. या तिन्हींची प्रभारी म्हणजे गोजरबाई. तिला हे पद कुणी दिलेलं नाही, त्यामुळं ते कुणाला काढूनही घेता येत नाही.

ती माझी विद्यार्थिनीही आहे बरं का. साक्षरतेच्या मोहिमेत मी बायकांचा वर्ग घ्यायचो. गोजरबाई अक्षरं भराभर शिकली. पण जोडाक्षरं सुरू झाली त्याच आठवड्यात मुकादमाचा ट्रक आला आणि ती पाटी ठेवून कोयता घेऊन गेली.

तिनं बोट हवेत धरून वाचायला सुरुवात केली. “उ… प… ल… आन् ह्ये पुढचं काय?”

“ब्ध.”

“हां. आपला वर्ग हितंच सुटला हुता.” तिनं मान डोलावली. “म्हंजे काय पन?”

“उपलब्ध म्हणजे आहे. मिळतं.”

“मिळतं म्हंजे? मागितलं की देत्यात?”

“अर्थात!” मी ब्रश पुसत म्हणालो. मास्तर कधी ‘बहुतेक’ म्हणत नाही, हा आमच्या जातीचा दोष आहे.

तिचं बोट खाली सरकत सरकत सर्पदंशाच्या ओळीवर आलं आणि तिथंच थांबलं. मलाही आठवलं आणि मी ब्रश खाली ठेवला.

चार वर्षांपूर्वी बनुबाईला, म्हणजे गोजरबाईच्या धाकट्या जावेला, सरपण उचलताना साप चावला. तेव्हा याच दवाखान्यात आणलं होतं. औषध नव्हतं. ‘नगरला न्या,’ म्हणाले. जीप मिळेस्तोवर तास गेला. करंजीच्या घाटात, गोजरबाईच्या मांडीवर, बनुबाई गेली. तेव्हापासून गोजरबाई नगरला जायची वेळ आली तर लांबून वळसा घालून जाते. घाटातून जात नाही.

“मंग बरं झालं गुरुजी,” ती शेवटी म्हणाली. “चांगलं लिवलंत.”

मी खूश होऊन सावेडीला परतलो.

आठवड्यानं एका संध्याकाळी पीटरभाऊ जिन्यातूनच ओरडत आले. हा माणूस ओरडू शकतो हे त्यांच्या बायकोला, नॅन्सीबाईंनाही तोवर ठाऊक नव्हतं. त्याही वरून वाकून बघत होत्या. “गुरुजी! रेघ म्हणजे नाही! नाही म्हणजे नाही! तुम्ही ते सगळं आहे करून ठेवलंत!”

मग त्यांनी सांगितलं ते असं. मी लिहून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी दवाखाना उघडला तर दारात गोजरबाई.

“पिटरभाऊ, सापाचं औषध दावा.”

“साप चावलाय का मावशी?”

“न्हाई.”

“मग?”

“चावल्यावर दावता का? तवा माझं डोळं उघडं असत्याल का बघाया?”

पीटरभाऊंनी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली; वाटलं, बाई कंटाळेल. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. शेळ्या दवाखान्याच्या कुंपणाला बांधायच्या, पायरीवर बसायचं, आणि एकच प्रश्न. डॉक्टर आराधना साळवे तिथं आठवड्यातले तीनच दिवस असतात; उरलेले तीन दिवस दुसरं केंद्र त्यांच्याच गळ्यात आहे. त्या आल्या की गोजरबाई त्यांनाही विचारायची, “डागतरीनबाई, ‘उपलब्ध’ कवा दावता?”

गावाला तर नवा शब्दच सापडला. टपरीवर लोक विचारू लागले, “चहा उपलब्ध हाय, का भिताडावरचा?” ‘भिताडावरचा’ म्हणजे नुसता लिहिलेला, असल्यासारखा, पण नसलेला. एका पोराच्या सोयरिकीत मुलीकडच्यांनी विचारलं, “मुलाला नोकरी आहे ना?” तर मध्यस्थ म्हणाला, “हाय, पन भिताडावरची.” सोयरीक मोडली. मी त्या गावाला इतकी वर्षं मराठी शिकवली, पण भाषेत भर घातली ती या एका चुकीनं.

“उद्या जिल्ह्याचे साहेब पावसाळ्याची तयारी बघायला येतायत,” पीटरभाऊ कपाळ पुसत म्हणाले. “ते अकरा वाजता येतील. आपण आठला पोचू. तुम्ही फक्त पाच ठिकाणी ‘उ’ पुसून ‘अनु’ लिहा. ‘अनुपलब्ध’. जागा आहे ना?”

जागा होती. मी शब्द मोकळे लिहितो.

सकाळी आठला आम्ही पोचलो. मी डबा उघडला, ब्रश बुडवला, शिडीला पाय लावला. तर शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गोजरबाई बसलेली.

“काय करताय गुरुजी?”

“थोडी दुरुस्ती.”

“म्हंजे खाडाखोड?”

“खाडाखोड नाही हो, नुसता ‘उ’ पुसून दोन अक्षरं लावायचीत…”

“गुरुजी,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “माझ्या रेशन कारडावर गोजरबाईचं गोदाबाई झालं हुतं. मी म्हनलं, दोनच अक्षरं हायेत, खोडून लिवा. तर त्यो तालुक्याचा कारकून काय म्हनला ठावं हाय का? म्हनला, सरकारी कागदावर खाडाखोड चालत न्हाई. तीन महिने मला गोदाबाई म्हून घुमवलं. आता ह्ये भिताड सरकारी हाय का न्हाई?”

“आहे.”

“मंग?”

मी पीटरभाऊंकडं पाहिलं. पीटरभाऊंनी आभाळाकडं पाहिलं. एका शेळीनं माझ्या ब्रशकडं पाहिलं.

“आणि तुमीच शिकवलं,” गोजरबाईनं शेवटचा खिळा ठोकला, “लिवायच्या आदी इचार करावा, मागनं खोडू ने.”

मी हे खरंच शिकवलं होतं. मास्तरकीत माणूस काय काय बोलून जातो आणि ते कुठल्या शेळीवालीच्या डोक्यात मुरत पडतं, काही सांगता येत नाही.

एवढ्यात गाडीचा आवाज आला. अकराला येणारे साहेब साडेआठलाच आले! सरकारी माणूस वेळेआधी येणं हीसुद्धा एक आपत्तीच. तिच्या तयारीचा आदेश मात्र कुणी काढलेला नव्हता. मी ब्रश पाठीमागं लपवला. शर्ट अजून निळा आहे.

साहेब तरतरीत होते, बोलायला गोड. त्यांच्या हातात मोबाईल, शिपायाच्या हातात साहेबांसाठीच आणलेला पुष्पगुच्छ. उतरल्या उतरल्या त्यांची नजर भिंतीवर गेली आणि चेहरा उजळला.

“वा! सुंदर! चोवीस तास! सर्पदंशसुद्धा! भिंगारदिवे, याला म्हणतात पूर्वतयारी.” त्यांनी एक फोटो आडवा काढला, एक उभा काढला, एक स्वतःला घेऊन काढला, आणि तिथंच उभ्या उभ्या जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकून दिला. मोठ्यानं वाचूनही दाखवलं : “‘कुसळवाडी पॅटर्न. इतर केंद्रांनी अनुकरण करावे.’”

पीटरभाऊंचा चेहरा त्या वेळी ‘अनुपलब्ध’ होता.

“सायेब,” गोजरबाई शिडीवरून उठत म्हणाली, “भिताडाचा फोटू काढला. आता फ्रिजाचा काढा.”

“आजी, तुम्हाला काही त्रास होतोय का?”

“मला न्हाई. तुमाला व्हनार हाय.”

साहेब हसले. आत गेले. मागून आम्ही, आमच्या मागून गोजरबाई; आराधनाबाई आतच होत्या. औषधांसाठी ठेवलेला तो फ्रिज पीटरभाऊंनी उघडला. आत एक लिंबू होतं, पाण्याची एक बाटली होती आणि डॉक्टर आराधनाबाईंचा दह्याचा डबा होता.

गोजरबाईनं वाकून नीट पाहिलं. “सापाला दही चालतं व्हय?”

तिनं हे चेष्टेनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं खरोखर विचारलं होतं. आराधनाबाई भिंतीकडं तोंड करून खोकल्या. पण तो खोकला नव्हता, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

साहेबांचा गोडवा तत्काळ आटला. “भिंगारदिवे! औषध संपलंय तर मागणी का नाही केली?”

आता पुढं जे झालं, त्याला मी कुसळवाडीतला चमत्कार म्हणतो. पीटरभाऊंनी मान खाली घातली, नेहमीसारखी. मग त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या गोजरबाईवर पडली. ते कपाटाकडं गेले, एक लाल फीत बांधलेली फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे, त्यांच्या हिशेबानं आपटलीच. “अकरा पत्रं आहेत साहेब. प्रत्येकावर पोच आहे. पहिल्या पत्राच्या वेळी बनुबाई…” त्यांनी पहिलं पान उघडून तारखेवर बोट ठेवलं. “त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं आहे ते पत्र.”

साहेबांनी पानं उलटली. “ही माझ्यापर्यंत आलेलीच नाहीत.”

“मंग गेली कुटं?” गोजरबाई म्हणाली. “वाटंत कागदाला साप चावला का?”

दवाखान्याच्या ओसरीवर तोवर निम्मं गाव जमलं होतं. ते सगळं एकदम हसलं. साहेबही हसण्याच्या बेतात होते. पण साहेबाला हसायच्या आधी वर बघावं लागतं, तशी सवय असते.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “फोटो काढून टाकतो ग्रुपवरून. चुकून गेला म्हणतो.”

त्यांनी मोबाईल उघडला आणि तिथंच थिजले. मी खांद्यावरून डोकावलो. मास्तरला दुसऱ्याचं वाचायची खोड असते. फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली होती. ‘अभिनंदन.’ ‘प्रेरणादायी.’ आणि सगळ्यात खाली, त्यांच्याही वरच्या कुणाचा तरी निरोप : ‘उत्तम. पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहायला येतो.’

“खाडाखोड चालत न्हाई सायेब,” गोजरबाई समजूत घातल्यासारखी म्हणाली. “माझं तीन महिनं गेलं हुतं.”

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. “म्या हितंच बसते. औषध आलं की उठते. घाई न्हाई. शेळ्यांना पाला हाय.” पाला कुठला म्हणून पाहिलं, तर साहेबांचा पुष्पगुच्छ. निम्मा संपला होता. शेळीच्या तोंडात एक गुलाब मोठ्या दिमाखात हलत होता.

साहेबांनी मग फोन लावले. एकाला गोडीनं, दुसऱ्याला रागानं, तिसऱ्याला चक्क विनवून. सरकारात एरवी आधी वस्तू असते, मग तिची पाटी लागते. निदान पुस्तकात तरी तसं आहे. इथं पाटी पुढं पळत होती आणि सगळं खातं तिला गाठायला मागून धावत होतं. चौथ्या दिवशी थर्माकोलच्या पेटीतून, बर्फात बसवून, सापाच्या औषधाच्या दहा कुप्या आल्या. कुत्र्याची लस आली, विंचवाचं आलं. तक्रारवहीसुद्धा आली, शंभर पानी. उरली रुग्णवाहिका. ती तर बनुबाई गेल्यानंतरच्या वर्षी येऊन उभीच होती; पत्र्याच्या शेडमध्ये, स्वच्छ पुसलेली, डिझेलसकट. म्हणून साहेबांनी तिच्यापुढं बरोबरची खूण केली. ती चालवणाऱ्याचा करार मार्चमध्ये संपला होता, पण यादीत गाडीच लिहिली होती. चालवणारा कुठं लिहिला होता? वरचे साहेबही आले आणि खुणा बघून खूश होऊन गेले.

पेटी उघडली त्या दिवशी पीटरभाऊंनी एक कुपी गोजरबाईच्या हातात दिली. ते मला नंतर म्हणाले, “गुरुजी, मला वाटलं बाई आता काहीतरी टोमणा मारणार.” तिनं टोमणा मारला नाही. कुपी तळहातावर धरून बघत राहिली.

“एवढीशीच हाय व्हय,” ती म्हणाली. “मला वाटलं हुतं, लई मोठं आसंल म्हून मिळत नसंल.”

आणि परत देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेळ्या कुंपणाला बांधून हजर. “दावा.” आता पीटरभाऊ तिला रोज फ्रिज उघडून दाखवू लागले. दह्याच्या डब्याला हद्दपार व्हावं लागलं. आराधनाबाईंनी ताक प्यायला सुरुवात केली. दाखवणं झालं की बाई तक्रारवही मागून घ्यायची आणि त्यात त्या दिवसाचं पान भरायची : ‘तकरार नाही. गोजरबाई.’ जिल्ह्यात एवढी समाधानी तक्रारवही दुसरी नसेल.

मग भाद्रपदात बाजरी काढणीला आली, आणि एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला पेंढी उचलताना वैजनाथला घोणस चावली. वैजनाथ म्हणजे बनुबाईचा मुलगा. आई गेल्यावर तो गोजरबाईच्याच चुलीवर जेवतो.

तीच भाऊकी, तसाच साप. या वेळी फरक एवढाच, की वीस मिनिटांत वैजनाथ दवाखान्याच्या खाटेवर होता, आणि गोजरबाईनं “दावा” म्हणायच्या आत पीटरभाऊंनी फ्रिज उघडला होता. नशिबानं वार बुधवार, आराधनाबाई तिथंच होत्या. औषध चढलं. पण त्या म्हणाल्या, “एवढ्यावर भागायचं नाही. नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावंच लागेल, लगेच.” सगळ्यांनी शेडकडं पाहिलं. रुग्णवाहिका उभी होती. उपलब्ध होती. पीटरभाऊंना घाटात स्वतःची मारुती चालवताना घाम फुटतो, त्यांनी त्या गाडीच्या किल्ल्या दोनदा उचलल्या आणि दोनदा ठेवल्या.

शेवटी कांद्याचा टेम्पो मिळाला. मागच्या फळीवर ‘आईचा आशीर्वाद’. कांद्याच्या गोण्यांवर गोधडी टाकून वैजनाथला झोपवलं, सलाईनची बाटली वरच्या पाइपाला बांधली, आराधनाबाई शेजारी बसल्या. गोजरबाई उशाशी. टेम्पो करंजीच्या घाटाला लागला तसे तिनं डोळे मिटून घेतले आणि वैजनाथचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. आराधनाबाई सांगतात, पूर्ण घाटभर तिनं डोळे उघडले नाहीत.

“घाट सरला का?” तिनं विचारलं.

उत्तर वैजनाथनंच दिलं. “सरला, मोठीआई. डोकं सोड, दुखतंय.”

आठवड्यानं वैजनाथ चालत घरी आला. बातमी पीटरभाऊंनी जिन्यातूनच सांगितली, आणि या खेपेला ओरडले ते आनंदानं. मी मोसंब्यांची पिशवी घेतली आणि तडक कुसळवाडी गाठली. वैजनाथ ओट्यावर बसून शेळीला चारा घालत होता, पाय अजून सुजलेला होता, पण तोंड सुरू होतं. म्हणजे ठीक होता. गोजरबाई घरी नव्हती. कुठं असणार? दवाखान्याच्या भिंतीपुढं उभी होती, बोट हवेत धरून, माझंच अक्षर वाचत.

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. ऊन भिंतीवर आलं होतं, प्रत्येक ‘ल’ची गोलाई झळकत होती. खरं सांगतो, माझी छाती फुगली. चार महिने पोटात धरून ठेवलेली गोष्ट मी शेवटी कबूल केली.

“गोजरबाई, तुम्हाला एक सांगू का? त्या कागदावर रेघा होत्या. मी त्या चुकीच्या वाचल्या. हे सगळं भिंतीवर आलं ते माझ्या चुकीनं.”

“ठावं हाय. पिटरभाऊंनी कवाच सांगितलं.”

“असं?” मी जरा ओशाळलो; पण फुगलेली छाती अशी सहजासहजी खाली बसत नाही. “तरी बघा ना. कुणाला कळलं नाही, कुणी आदेश काढला नाही, आणि माझ्या एका चुकीनं आपला वैजनाथ वाचला! आहे की नाही?”

गोजरबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग शेडमधल्या स्वच्छ पुसलेल्या रुग्णवाहिकेकडं पाहिलं. मग भिंतीच्या खालच्या कडेला, यादीच्या शेवटी उरलेल्या वीतभर कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“मंग हितं डायवर बी लिवा.”